बारीक अक्षरांची बस

चष्मेवाल्यांचे सासरे त्यांच्याशी बोलत नव्हते. एका घरात राहून न बोलणं हे बोलण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. जेवताना मीठ हवं असलं की सासरेबुवा मुलीकडे बघून म्हणायचे, "जावईबापूंना सांग, मीठ इकडे सरकवा." मीठ जावईबापूंच्या कोपराशी, जावईबापू सासरेबुवांच्या अगदी समोर, आणि मुलगी ओट्याशी पाठ करून उभी. ती पाठ न वळवताच म्हणायची, "अहो, मीठ," आणि मीठ सरकायचं. असं वर्षभर चाललं होतं.

कारण सांगायलाच हवं, पण थोडक्यात सांगतो. सासरेबुवा बसचे ड्रायव्हर. निवृत्त झाले होते, पण ड्रायव्हर निवृत्त होतो तो कागदावर; घरात बसल्या बसल्याही त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक शोधत असायचा. परवाना नव्याने करायचा तर डोळे तपासल्याचा दाखला हवा, आणि डोळे तपासणारा जावई याच इमारतीत खाली दुकान थाटून बसलेला. सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेले, खुर्चीवर बसले आणि समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्यांनी खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता वाचून दाखवली. फक्त ती ओळ त्या तक्त्यावर नव्हती. जावयाने तक्ता मधल्या काळात बदलला होता आणि सासऱ्यांनी जुना पाठ केला होता.

अशा वेळी शहाणा माणूस खोकला आल्याचं निमित्त करून आत निघून जातो. पण चष्मेवाले धंद्याच्या बाबतीत भलते प्रामाणिक. बाकावर गिऱ्हाइकं बसलेली असताना ते म्हणाले, "बाबा, हे जुन्या तक्त्यावर होतं." गिऱ्हाइकं हसली. परवाना गेला त्याचं सासरेबुवांना फारसं काही वाटलं नाही, दोष डोळ्याच्या आतला होता आणि चष्म्याने जाणारा नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून तोंडाला कुलूप.

चष्मेवाल्यांना याचा फार त्रास व्हायचा. सासऱ्यांवर त्यांची मनापासून माया होती. त्यांचे स्वतःचे वडील लवकर गेलेले, लग्न झाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी त्यांना "जेवलात का?" असं दटावून विचारलं होतं, ते यांनीच. तो दटावणारा आवाज आता घरभर फिरायचा, फक्त त्यांच्याकडे वळायचा नाही. माफी मागून झाली, मुलीकरवी निरोप धाडून झाले. उत्तर एकच: "त्यांना म्हणावं, माझं काही म्हणणं नाही." ज्याचं काही म्हणणं नसतं त्याच्याशी भांडता येत नाही आणि समेटही करता येत नाही.

आणि मग घरात एक कॉम्प्युटर रिकामा झाला. चष्मेवाल्यांचा मुलगा शिकायला परगावी गेला आणि जाताना आपला गेम खेळायचा कॉम्प्युटर आजोबांच्या हवाली करून गेला. त्यात बस चालवायचा एक गेम होता. टेबलाला स्टिअरिंग अडकवायचं, खाली पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि पडद्यावर शहर. सासरेबुवांनी पहिल्या दिवशी तुच्छतेने बघितलं, दुसऱ्या दिवशी बसून बघितलं आणि तिसऱ्या दिवसापासून ते सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, ड्युटीवर जाऊ लागले. अडचण एकच होती. कॉम्प्युटर दमदार, पण पडदा एवढासा. सासरेबुवा काचेला नाक लावून बस हाकायचे आणि तरी दिव्याच्या खांबाला धडकायचे. मग गेममधले प्रवासी कुरकुरायचे आणि पडद्यावर लाल अक्षरांत यायचं, "प्रवासी नाराज." उभ्या नोकरीत एका प्रवाशाने ज्यांची तक्रार केली नव्हती, त्यांनी आता रोज हे ऐकायचं म्हणजे काय.

"पुढची काच एवढीशी असली तर गाडी हाकायची कशी?" एकदा ते मुलीला म्हणाले. "उद्या म्हणाल, दाराच्या फटीतून बघून चालव."

हे चष्मेवाल्यांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. काच. काचेचा प्रश्न. आता काचेच्या प्रश्नात चष्मेवाल्याने पुढे यायचं नाही तर कोणी यायचं? त्यांनी त्याच दिवशी बायकोला सांगून टाकलं, की बाबांसाठी मॉनिटर मी आणणार, मोठा आणणार, आणि मीच निवडणार. त्यांच्या मनात पुढचं सगळं चित्र तयार होतं. सासरेबुवा मोठ्या पडद्यासमोर बसतील, स्वच्छ दिसेल, मान वळवतील आणि म्हणतील, "जावईबापू, झकास." एवढा एकच शब्द पुरे होता.

"मुलाला विचारा फोन करून," बायको म्हणाली. "त्याला कळतं त्यातलं."

"दिसण्यातलं मला कळतं," चष्मेवाले म्हणाले, आणि विषय तिथेच संपवला. इथे खरं म्हणजे बायकोचं ऐकायला हवं होतं. पण नवऱ्यांनी बायकांचं वेळीच ऐकलं असतं तर विनोदी कथा लिहिणारे उपाशी मेले असते.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या दारात विमेकाका राहायचे. आयुष्यभर विमा विकल्यामुळे त्यांना कुठलीही नवी वस्तू बघितली की आधी तिचा अंत दिसायचा. "मोठा पडदा म्हणजे मोठी जोखीम," ते म्हणाले. "पडला तर? वीज कडाडली तर? तुम्ही त्याच्या खाली सापडलात तर?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या, टीव्हीच लावा की, उगाच दोन दोन कशाला. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका गृहस्थाने, ज्यांना चष्मेवाले ओळखतही नव्हते, वाकडा पडदा घ्यायचा सल्ला दिला. वाकडा म्हणजे? म्हणजे दोन्ही कडांनी आत वळलेला. जन्मभर लोकांचे वाकडे चष्मे सरळ करून दिलेल्या माणसाला कोणी पैसे देऊन वाकडं काहीतरी घ्यायला सांगतंय, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी दोन दिवस लिफ्ट वापरली नाही.

ते मॉनिटर आणायला गेले ते विजेच्या वस्तूंचं दुकान मोठं होतं, आणि त्यातला विक्रेता बोलका होता. तो रीफ्रेश रेट म्हणाला, रिस्पॉन्स टाइम म्हणाला, आणखी बरंच काही म्हणाला. चष्मेवाले हाताची घडी घालून ऐकत होते. डॉक्टर आजारी पडल्यावर दुसऱ्या डॉक्टरचं ऐकताना जसा चेहरा करतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"कुठला गेम खेळणार, साहेब?" विक्रेत्याने विचारलं.

"बस."

"बस म्हणजे?"

"बस चालवतात. थांब्यावर थांबवतात. लोक चढतात, उतरतात."

"आणि गोळीबार वगैरे?"

"अजून तरी नाही," चष्मेवाले म्हणाले. "पण लोक कधी कधी फार अंत बघतात."

मग त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्यांच्या दुकानातला तक्ता होता, तोच तो, वर टपोरी अक्षरं आणि खाली खाली मुंगीएवढी. हा तक्ता त्यांनी दुकानातल्या प्रत्येक पडद्यावर लावायला लावला. मग ते मागे मागे सरकत गेले, कारण डोळे तपासण्याचं एक ठरलेलं अंतर असतं आणि ते अंतर दुकानात कपडे धुण्याच्या यंत्रांमध्ये येत होतं. दोन यंत्रांच्या मध्ये उभं राहून, तळव्याने एक डोळा झाकून, ते मोठ्याने अक्षरं वाचू लागले. बघता बघता गर्दी जमली. एका बाईंनी विचारलं, रांग इथूनच सुरू होते का? एका आजोबांनी त्यांना आपला चष्मा काढून दाखवला. चष्मेवाल्यांनी त्यांचीही तपासणी करून दिली, कारण धर्म तो धर्म. विक्रेता मधल्या काळात चहा पिऊन आला.

सगळ्या पडद्यांमध्ये एकच असा निघाला की ज्याच्यावर सगळ्यात खालची ओळ, ती मुंगीची ओळ, कोरून काढल्यासारखी स्वच्छ होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायला मान फिरवावी लागत होती एवढा तो पडदा रुंद, आणि ठिपके इतके बारीक की नाक लावलं तरी दिसू नयेत. चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. जितकं बारीक अक्षर स्वच्छ दिसेल तितकी नजर चांगली, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब, आणि तोच त्यांनी पडद्याला लावला. डोळा आणि पडदा यांत फरक असतो, आणि बारीक अक्षर स्वच्छ दिसण्याआधी ते कमजोर डोळ्याला दिसावं लागतं, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ही चूक फक्त चष्मेवालाच करू शकतो. दुसऱ्या कोणाची तेवढी लायकीच नव्हती.

खोकं आलं तेव्हा ते लिफ्टमध्ये मावलं नाही. उभं घातलं तर वर अडकायचं आणि तिरपं घातलं तर दार लागायचं नाही. जिन्याने न्यायचं म्हटलं तर सेक्रेटरी आडवे आले. इमारतीचा नियम होता, की कपाटापेक्षा मोठी वस्तू जिन्याने न्यायची असल्यास समितीची परवानगी हवी.

"हे कपाटापेक्षा बारीक आहे," चष्मेवाले म्हणाले.

"जाडीने बारीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "रुंदीचं काय?"

"तुम्ही कपाट कुठल्या बाजूने मोजता?"

हा प्रश्न समितीपुढे याआधी कधी आला नव्हता. सेक्रेटरींनी बराच विचार केला, मग आपल्या घरातलं कपाट मोजायला गेले, आणि ते कपाट मोजत होते तेवढ्यात चष्मेवाल्यांनी आणि हमालाने खोकं उचललं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ते अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. हमाल वरच्या बाजूला, चष्मेवाले खालच्या बाजूला, मध्ये खोकं. विमेकाका कठड्यावरून वाकून म्हणाले, "मी म्हणालो होतो." आणि नेमके तेव्हाच, गलका ऐकून, सासरेबुवा दारात आले.

आता हे समजून घ्या, की या गृहस्थाने उभ्या आयुष्यात अडचणीच्या गल्ल्यांमधून बस मागे घेतलेली. समोर एक लांब वस्तू वळणावर अडकलेली बघून त्यांच्या जिवाची घालमेल होणारच. हात शिवशिवायला लागले. पण बोलायचं तर जावयाशी बोलावं लागणार. त्यांनी मागे वळून मुलीला हाक मारली.

"त्यांना सांग, मागचं टोक डावीकडे घ्या."

"अहो, बाबा म्हणतात मागचं टोक डावीकडे."

चष्मेवाल्यांनी टोक डावीकडे घेतलं.

"बास म्हणावं. आता उजवीकडे."

"अहो, बास. आता उजवीकडे."

पण "बास" पोचेपर्यंत टोक भिंतीला लागून रंगाचा पापुद्रा निघाला होता. निरोप पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात खोकं पुढच्या संकटात सापडलेलं असायचं. सासरेबुवा तळमळत होते, मुलगी मान इकडून तिकडे वळवत होती, हमाल वरून विचारत होता की नक्की कोणाचं ऐकायचं. शेवटी मुलीचाच गोंधळ झाला आणि तिने हमालाला उजवीकडे व नवऱ्याला डावीकडे पाठवलं. कसं कोण जाणे, पण त्यामुळेच खोकं सुटलं. सेक्रेटरी टेप घेऊन परत आले तेव्हा मोजायला काहीच शिल्लक नव्हतं.

मॉनिटरचे पाय मुलाच्या टेबलापेक्षा रुंद निघाले. मग तो जेवणाच्या टेबलावर मांडला. घरातली माणसं आता ताटं मांडीवर घेऊन जेवणार, हे कोणी न बोलताच ठरलं. चष्मेवाल्यांनी पट्टीने अंतर मोजलं आणि सासऱ्यांची खुर्ची ठेवायची जागा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आली. दोन पाय इकडे, दोन पाय तिकडे. स्टिअरिंग तिथवर पोचेना म्हणून ते एका स्टुलाला अडकवलं आणि स्टुलावर वजन म्हणून बायकोने जुना मिक्सर ठेवला. विमेकाका, शिकवणीच्या बाई आणि हमालसुद्धा बघायला थांबले होते. चष्मेवाल्यांनी बटण दाबलं.

काय ते दृश्य. रस्ता असा की पाऊल टाकावं. झाडांची पानं न् पानं वेगळी. पलीकडच्या फुटपाथवर एक बाई छत्री दुरुस्त करत होती, तीसुद्धा दिसत होती. हमालाच्या तोंडून "अरे वा" निघालं. चष्मेवाले सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

सासरेबुवांनी डोळे बारीक केले. पुढे वाकले. आणखी वाकले. मग मागे वळून मुलीला म्हणाले, "हे कोपऱ्यात काय चिकटलंय? मुंग्या लागल्या का?"

त्या मुंग्या नव्हत्या. तो बसचा वेग होता. त्याच्याखाली थांब्याचं नाव होतं, शेजारी वेळापत्रक होतं, कोणतं दार उघडं आहे ते होतं. सगळं होतं, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत, कोरून काढल्यासारखं स्वच्छ होतं. पडदा जितका बारीक ठिपक्यांचा तितकी त्यावर अक्षरं बारीक होऊन बसली होती. जुन्या पडद्यावर निदान नाक लावून वाचता तरी यायचं. सासरेबुवांनी तरी बस काढली. दोन थांबे तसेच मागे गेले, तिसऱ्याला ते दार बंद करायचं विसरले, आणि पडद्यावर लाल मुंग्यांची एक रांग उमटली. ती काय होती हे कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

"जावईबापूंना सांग," सासरेबुवा म्हणाले, "तक्ता छान आणलाय."

लोक हळूहळू निघून गेले. हमालाला सगळ्यात जास्त वाईट वाटलेलं दिसलं. त्याने जाताना चष्मेवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला. चष्मेवाले भिंतीला टेकून उभे राहिले. वर्षभर जी एक संधी शोधत होते ती आली होती, आणि त्यांनी तिची अशी वाट लावली होती. परत करावा म्हटलं तर दुकानवाल्यांना मूळ खोकं अखंड हवं होतं, आणि खोक्याचे कोपरे जिन्याच्या भिंतीवर राहिले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरेबुवा तरीही ड्युटीवर बसले. सवय सुटते थोडीच. चष्मेवाल्यांना ते बघवेना. ते पडद्याजवळ गेले, एका बाजूला उभे राहिले, वाकले, आणि बायकोला म्हणाले, "बाबांना सांग, वेग चाळीस आहे."

"बाबा, वेग चाळीस."

"त्यांना विचार, पुढचा थांबा कोणता?"

"अहो, थांबा कोणता?"

"ग्रंथालय."

"बाबा, ग्रंथालय."

तोवर ग्रंथालय मागे गेलेलं असायचं. असे तीन थांबे गेले. मग चष्मेवाल्यांची बायको, जी वर्षभर दोघांची टपाल सेवा चालवत होती, तिने हातातला डाव ओट्यावर ठेवला. "मला दुसरी कामं आहेत," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा." आणि ती शिकवणीच्या बाईंकडे निघून गेली. तिला तिथे काहीही काम नव्हतं.

खोलीत आता दोघंच होते, आणि सुरू असलेली बस. सासरेबुवा पुढे बघत होते. चष्मेवाले पडद्याला चिकटून उभे होते. त्यांनी धीर करून, कोणालाच उद्देशून नव्हे असं, भिंतीला सांगावं तसं वाचलं, "तीस. पुढे बाजारपेठ. डावीकडे."

बस डावीकडे वळली.

"दार उघडं आहे. चार लोक चढले. वेळेला एक मिनिट उशीर."

इंजिनाचा आवाज. चष्मेवाले वाचत राहिले. आणि मग, चढावर गियर बदलताना, सासरेबुवांच्या तोंडून निघून गेलं.

"अहो, मोठ्याने वाचा की. पुटपुटताय काय? इंजिनात ऐकू येत नाही मला."

चष्मेवाल्यांनी चमकून मागे बघितलं. पण गाडी चालू होती. त्यांनी घसा साफ केला आणि शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पुढचा थांबा दवाखाना."

"दवाखान्याला म्हातारी माणसं असतात. दार सावकाश लावा. झोपलात काय? बघा, आरशात बघा, कोणी लटकलंय का?"

"कोणी नाही, बाबा."

"मग बेल मारा."

चष्मेवाल्यांना बेल मारता येत नव्हती, म्हणून त्यांनी तोंडानेच "टिंग टिंग" केलं. बस सुटली. त्या फेरीत सासरेबुवांनी त्यांना आळशी म्हटलं, बहिरे म्हटलं, एकदा तर "असा कंडक्टर माझ्या वाट्याला यायचा होता" असंही म्हटलं. चष्मेवाल्यांना इतका आनंद वर्षभरात झाला नव्हता. शेवटच्या थांब्यावर पडद्यावर हिरवी अक्षरं आली. त्यांनी भरल्या आवाजात वाचून दाखवलं, "प्रवासी समाधानी."

बायको परत आली तेव्हा दोघं घामाघूम होऊन बसले होते. तिने ताटं वाढली. सासरेबुवा ताट मांडीवर घेऊन म्हणाले, "जावईबापूंना सांग, मीठ इकडे सरकवा."

म्हणजे हे असं होतं. बसमध्ये बोलायचं, बाहेर नाही. ड्युटी वेगळी, घर वेगळं. ड्रायव्हरने कंडक्टरशी बोललंच पाहिजे, त्याला इलाज नसतो. पण त्यावरून सासऱ्याने जावयाला माफ केलं असा अर्थ कोणी काढू नये. चष्मेवाल्यांनी तक्रार केली नाही. ते रोज संध्याकाळी लवकर दुकान बंद करून वर येऊ लागले. थोड्याच दिवसांत विमेकाका प्रवासी म्हणून येऊन बसायला लागले, आणि खिडकीचीच खुर्ची हवी म्हणून हट्ट धरायला लागले. सेक्रेटरी आवाजाची तक्रार घेऊन आले, त्यांना सासरेबुवांनी दरडावून सांगितलं, की गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये. तेही गुपचूप बसले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. शिकवणीच्या बाई चढावर डोळे मिटून घ्यायच्या. घरात असा गलका मुलगा होता तेव्हाही नव्हता.

आणि मग विमेकाकांनी घात केला. हेतू चांगला होता, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण त्यांना पुढे कोणीच ते सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांना खिडकी मिळाली नव्हती म्हणून ते पडद्याशेजारी बसले होते. माउसशी खेळता खेळता ते म्हणाले, "माझ्या फोनवर अक्षरं मोठी करायची सोय आहे. इथेही असेलच की." त्यांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं. पडदा एकदा काळा झाला, परत उजळला, आणि मुंग्यांच्या जागी टपोरी, ठसठशीत, पाटीवर लिहावीत अशी अक्षरं उभी राहिली. आयुष्यभर सल्ले दिलेल्या माणसाचा पहिला सल्ला लागू पडला होता. विमेकाका अभिमानाने सगळ्यांकडे बघायला लागले.

सासरेबुवांनी डोळे बारीक केले नाहीत. ते जागच्या जागी बसून वाचू लागले. "वेग पस्तीस. पुढचा थांबा ग्रंथालय. दार बंद." मग म्हणाले, "दिसतंय." त्यांच्या आवाजात जे होतं ते चष्मेवाल्यांना लगेच ओळखू आलं. त्यांच्या दुकानातून नवा चष्मा लावून पहिल्यांदा रस्त्याकडे बघणाऱ्या माणसाच्या आवाजात ते असतं. आजवर हे ऐकलं की ते खूश व्हायचे.

"बरं झालं," चष्मेवाले कोणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले. ते आणखी थोडा वेळ पडद्याशेजारी उभे राहिले. वाचायला काही नव्हतं. मग खाली एक काम राहिलंय असं बायकोला सांगून ते दुकानात गेले आणि अंधारात काउंटर पुसत बसले. मॉनिटर अखेर उत्तम निघाला होता, त्यांची निवड अचूक ठरली होती, आणि त्यांना रडू येत होतं. बायकोने जेवायला बोलावलं तेव्हा त्यांनी भूक नाही म्हणून सांगितलं. वरून इंजिनाचा आवाज येत होता. विमेकाका प्रत्येक थांब्याला टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी दुकान लवकर बंद केलं नाही. एक जाडजूड गृहस्थ खुर्चीवर बसले होते. नाकावर तपासणीची ती अवजड चौकट, एका डोळ्यावर काळी चकती, दुसऱ्या डोळ्यापुढे भिंग. बाकावर आणखी दोघं ताटकळत होते. चष्मेवाले भिंगं बदलत होते आणि "आता बरं की मघाचं?" असं उत्साह नसलेल्या आवाजात विचारत होते. तेवढ्यात दार उघडलं.

दारात सासरेबुवा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, जिना उतरल्यामुळे थोडा दम लागलेला. बरोबर मुलगी नव्हती. निरोप सांगायला कोणीच नव्हतं. त्यांनी बाकावरच्या माणसांकडे एकदा बघितलं, मग सरळ आत आले.

"जावईबापू," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांच्या हातातलं भिंग खाली पडलं.

"काल चार फेऱ्या मारल्या एकट्याने. सगळं दिसतं. एक थांबा चुकला नाही."

"बरं झालं, बाबा."

"काय बरं झालं? चार फेऱ्या तोंड मिटून. शिव्या घालायला माणूस नाही. तो विमेवाला नुसत्या टाळ्या पिटतो." ते थांबले. बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती, आणि सासरेबुवांनी आवाज मुद्दाम खाली आणला नाही. "आणि काल जेवला नाहीत म्हणे. हे काय वागणं झालं? या वयात पोटाकडे बघायला नको?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसला, पण तो खराब नव्हताच.

"कंडक्टरशिवाय गाडी डेपोबाहेर काढता येत नाही," सासरेबुवा म्हणाले. "नियम आहे. गाडी वर चालू ठेवून आलोय, प्रवासी बसलेत, वेळ होत आलीय. चला."

चष्मेवाल्यांनी भिंतीवरची किल्ली घेतली. दिवे बंद केले. बाकावरचे दोघं आपणहून उठले. खुर्चीतले गृहस्थ मात्र तसेच बसून होते, नाकावर चौकट, एका डोळ्याला अंधार आणि दुसऱ्याला धुकं. त्यांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

"अहो, असे काय निघालात? आणि मी?"

चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावरची चौकट हलकेच काढून घेतली, त्यांना दंडाला धरून दाराबाहेर आणलं, आणि शटर खाली ओढता ओढता खणखणीत आवाजात सांगितलं, "मागची गाडी मोकळी आहे."